तिसऱ्या बटणाचा अर्थ

"दिसतो, पण चालत नाही." बिननावाच्या यूएसबी गेमपॅडबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एवढ्याच शब्दांत येते, आणि गंमत अशी की निदानही त्या शब्दांतच असतं. पॅड पीसीला लावला की विंडोज ओळखीचा आवाज करतं, कंट्रोल पॅनेलमधल्या गेम कंट्रोलरच्या यादीत 'जेनेरिक यूएसबी जॉयस्टिक' असं काहीतरी नाव उमटतं, प्रॉपर्टीजची खिडकी उघडून बटणं दाबली की तांबडे दिवे लागतात आणि स्टिक हलवली की चौकोनातली फुली हलते. म्हणजे वायर शाबूत आहे, आतली चिप जिवंत आहे, ड्रायव्हर जागेवर आहे. तरी गेम उघडला की नायक ढिम्म उभा राहतो. कधी त्याहून वाईट होतं: कोणी हात न लावता कॅमेरा गरगर फिरत राहतो, किंवा उडी मारायचं बटण दाबलं की गेम पॉज होतो. अशा वेळी "स्वस्तातला माल, जाऊ द्या" म्हणून पॅड बाजूला टाकला जातो. माझ्या मते हा निकाल चुकीच्या आरोपीवर लागतो. पॅड बोललेला असतो, पीसीने ते ऐकलेलं असतं. बोललेल्याचा अर्थ काय, हे मात्र दोघांत कधी ठरलेलंच नसतं. त्यामुळे हे काम दुरुस्तीचं नसून दुभाष्याचं आहे. आणि दुभाष्या हवाच असेल तर तो कुठे बसवायचा, गेममध्ये, पॅडमध्ये की दोघांच्या मध्ये, या प्रश्नावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

हा अर्थ ठरायचा राहिला कसा, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १९८१ च्या आयबीएम पीसीसाठी जे गेम कार्ड मिळायचं त्याला पंधरा पिनांचं पोर्ट होतं. चार अक्ष आणि चार बटणं, एवढीच त्याची ऐपत. स्टिक म्हणजे साधा बदलता रेझिस्टर. कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो ते प्रोसेसरने मोजायचं आणि त्यावरून स्टिक कुठे आहे ते ताडायचं. त्यामुळे प्रत्येक गेमच्या सुरुवातीला "स्टिक डावीकडे वर न्या, उजवीकडे खाली न्या" हा कवायतीचा कार्यक्रम असे. १९९६ मध्ये यूएसबी आलं आणि त्याच्या सोबतीने एचआयडी नावाची व्यवस्था आली. तिची कल्पना खरोखर सुंदर आहे: उपकरणाने जोडल्या जोडल्या स्वतःचं वर्णन सांगायचं. मी गेमपॅड आहे, मला इतके अक्ष आहेत, प्रत्येकाची किंमत ० ते २५५, बारा बटणं आहेत, आठ दिशांचा एक हॅट (दिशा दाखवणारा स्विच) आहे. हे वर्णन वाचून विंडोज किंवा लिनक्स वेगळ्या ड्रायव्हरशिवाय त्याच्याशी बोलू शकतं. आज पाचशे-सातशे रुपयांचा पॅड लावताक्षणी 'दिसतो' तो या व्यवस्थेच्या पुण्याईने.

पण हे वर्णन नीट वाचलं तर एक पोकळी दिसते. अक्षांना नावं आहेत: एक्स, वाय, झेड आणि त्यांच्याभोवती फिरणारे आरएक्स, आरवाय, आरझेड. बटणांना मात्र नुसते क्रमांक. बटण १, बटण २, बटण ३. कुठलं बटण अंगठ्याखाली, कुठलं तर्जनीखाली, याबद्दल तक्त्यात अक्षर नाही. एचआयडीच्या तक्त्यांत गेमपॅडची जी व्याख्या आहे, तिच्या मते गेमपॅडला किमान अंगठ्याने दाबायची चार दिशांची एक पट्टी आणि चार बटणं असावीत. दोन ॲनालॉग स्टिकचा त्यात पत्ता नाही, कारण ती व्याख्या घडत होती त्याच सुमारास, १९९७ मध्ये, सोनीचा डुअलशॉक बाजारात येत होता. (याच तक्त्यांमध्ये पिनबॉलच्या फ्लिपरसाठी मात्र स्वतंत्र जागा राखून ठेवली आहे. समित्यांचं भविष्यज्ञान हा वेगळ्या लेखाचा विषय.) परिणाम असा झाला की दुसरी स्टिक आली तेव्हा तिला घर नव्हतं. प्लेस्टेशनच्या वळणाने पॅड बनवणाऱ्यांनी तिला झेड आणि आरझेड या अक्षांवर बसवलं. दुसऱ्या काहींनी आरएक्स आणि आरवायवर बसवलं. नियम दोघांनीही मोडला नाही, कारण नियमच नव्हता.

मराठी वाचकाला हा घोळ वेगळ्या रूपात चांगला माहीत आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी डीटीपीमध्ये प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची आपली सांकेतिक मांडणी असायची. एकीच्या मांडणीत ज्या क्रमांकावर 'क' बसलेला, तिथे दुसरीच्या मांडणीत वेलांटी असायची. एका फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसरा फॉन्ट असलेल्या पीसीवर उघडायची, पानं तेवढीच असायची, अक्षरंही दिसायची, पण वाचायला गेलं की आनंद. फाइल बिघडलेली नसायची. क्रमांक जसेच्या तसे पोहोचलेले असायचे. कुठल्या क्रमांकाला कुठलं अक्षर म्हणायचं हा करार तेवढा हरवलेला असायचा. गेमपॅडचं दुखणं नेमकं हेच आहे. बाजारात ढिगाने मिळणाऱ्या, ड्रॅगनराइझ या चिनी कंपनीची ओळख सांगणाऱ्या पॅडवर समोरची चार बटणं वरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने १, २, ३, ४ अशी असतात: वरचं १, उजवीकडचं २, खालचं ३, डावीकडचं ४. एक्सबॉक्सच्या मांडणीत खालचं १, उजवीकडचं २, डावीकडचं ३, वरचं ४. दोन्ही पॅडवर उडी मारायला अंगठा जातो खालच्याच बटणावर. पण एक्सबॉक्सच्या पॅडकडून पीसीला '१' कळतं आणि ड्रॅगनराइझकडून '३'. गेम लिहिणाऱ्याने '१ म्हणजे उडी' असं धरलं असेल तर ड्रॅगनराइझवर उडीसाठी वरचं बटण दाबावं लागेल. अक्षांचा गोंधळ याहून विचित्र. ट्रिगर सोडलेला असेल तेव्हा त्याच्या अक्षाची किंमत शून्य असणार असं गेमने धरलेलं असतं. प्रत्यक्षात त्या अक्षावर स्टिक बसलेली असते आणि स्टिक मोकळी सोडली की तिची किंमत मध्यावर, म्हणजे १२७-१२८ च्या आसपास असते. गेमला वाटतं ट्रिगर अर्धा दाबून धरलाय. गाडी आपली आपण निघते, आणि बघणारा म्हणतो, पॅड खराब आहे.

मायक्रोसॉफ्टचं जुनं उत्तर होतं डायरेक्टइनपुट. त्याने उपकरणाचं वैविध्य तसंच्या तसं गेमपर्यंत पोहोचवलं: आठ अक्षांपर्यंत, चार हॅटपर्यंत, १२८ बटणांपर्यंत काहीही. लावून घेण्याचं काम गेमच्या सेटिंगमध्ये, खेळणाऱ्याने करायचं. डायरेक्टएक्स ८ बरोबर, २००० मध्ये, त्याची शेवटची मोठी आवृत्ती आली आणि मग ते तिथेच थांबलं. २००५ च्या अखेरीस एक्सबॉक्स ३६० आला आणि त्याच्या पॅडबरोबर पीसीवर एक्सइनपुट आलं. त्याने प्रश्न उलटा केला. उपकरणाने स्वतःचं वर्णन करायचंच नाही. दोन स्टिक, दोन ट्रिगर, एक डी-पॅड, दहा बटणं, आणि एका वेळी जास्तीत जास्त चार पॅड. आकृती ठरलेली, नावं ठरलेली. 'ए' म्हणजे खालचंच बटण. गेम लिहिणाऱ्यांना हे वरदान वाटलं तर नवल नाही. सेटिंगचं पान लिहायला नको, पडद्यावर 'बटण ३ दाबा' ऐवजी 'ए दाबा' दाखवता येतं, चाचणी एकाच पॅडवर उरकते. पुढच्या काही वर्षांत बऱ्याच गेमनी डायरेक्टइनपुटकडे पाठच फिरवली. आणि इथे आपल्या बिननावाच्या पॅडचं नशीब फिरलं: तो एचआयडी बोलतो, एक्सबॉक्स ३६० चा वायरचा पॅड एचआयडी बोलतच नाही, तो मायक्रोसॉफ्टची स्वतःची बोली बोलतो. फक्त एक्सइनपुट विचारणाऱ्या गेमच्या लेखी आपला पॅड अस्तित्वातच नसतो. विंडोजला दिसतो आणि गेमला दिसत नाही, ते याच कारणाने.

यावर सरळ आक्षेप असा, की मग एक्सइनपुटचा पॅड घ्या आणि मोकळे व्हा. ज्याच्याकडे एकही पॅड नाही आणि ज्याला फक्त नवे गेम खेळायचे आहेत, त्याला मीही हेच सांगेन; उगाच तत्त्वासाठी कोणी शनिवार-रविवार घालवू नये. आता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळणाऱ्या स्वस्त पॅडपैकीही बरेच एक्सइनपुट बोलतात, काहींना मागे एक्स आणि डी असा खटका असतो, काहींवर मधलं बटण काही सेकंद दाबून धरलं की बोली बदलते. वापरणाऱ्याला हे ठाऊकच नसतं, म्हणून पैसे खर्च करण्याआधी पॅड उलटा करून बघावा. पण आक्षेपाचं सार्वत्रिक रूप, म्हणजे 'सगळ्यांनी एकाच साच्याचा पॅड वापरला की प्रश्न मिटला', हे मला पटत नाही. पहिलं कारण, तोच एक्सबॉक्सचा पॅड २००५ च्या आधीच्या गेमला लावून बघा. डायरेक्टइनपुटमधून त्याचे दोन्ही ट्रिगर एकाच झेड अक्षावर एकत्र येतात. एक दाबला की अक्ष एका बाजूला, दुसरा दाबला की दुसऱ्या बाजूला, दोन्ही दाबले की एकमेकांना खोडून मध्यावर. हे मुद्दाम केलेलं आहे; कारण जुने गेम मोकळा अक्ष मध्यावर असेल असं गृहीत धरतात आणि शून्यावर बसलेला ट्रिगर त्यांना दाबलेला वाटला असता. म्हणजे प्रमाण पॅडलाही जुन्या गेमसमोर दुभाष्या लागतोच, आणि जी व्यवस्था तिथे आहे ती तडजोडच आहे. अशा गेममध्ये आपला बारा बटणांचा साधा पॅड कधीकधी जास्त बिनबोभाट चालतो.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं वाटतं. साचा ठरवला की साच्यात न बसणारे बाहेर पडतात. विमानाची स्टिक, पेडल असलेलं स्टिअरिंग, गोळा बसवलेल्या दांड्याचा आर्केडचा फळा ही तर उघड उदाहरणं. पण ज्याचा एकच हात चालतो किंवा ज्याची बोटं एका जागी पोहोचत नाहीत त्याचं काय? २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला. त्याच्या पाठीमागे ३.५ मिलिमीटरची १९ भोकं आहेत. प्रत्येकात हवा तो स्विच लावायचा, पायाने, कोपराने, हनुवटीने दाबायचा, आणि त्याला हवा तो अर्थ द्यायचा. साचा बनवणाऱ्यांनाही अखेर कबूल करावं लागलं की बटणाचा अर्थ खेळणाऱ्याच्या शरीरावरून ठरतो. एचआयडीने वैविध्य मान्य केलं आणि अर्थ सोडून दिला. एक्सइनपुटने अर्थ बांधला आणि वैविध्य सोडून दिलं. दोन्ही हवं असेल तर मधल्या जागेशिवाय गत्यंतर नाही.

मधल्या जागेत पहिले बसले ते गेमपॅडच्या बटणाला कीबोर्डची कळ बनवणारे प्रोग्रॅम: जॉयटूकी, एक्सपॅडर, पुढे अँटीमायक्रो. यांचं मोठेपण असं की गेमला पॅड ठाऊक असण्याचीही गरज नसते. डावी-उजवी धावपळ, उड्या, जुन्या दोन मितींच्या गेमसाठी हे उत्तम, आणि मी अजूनही तिथे दुसरं काही सुचवत नाही. पण कळ एकतर दाबलेली असते किंवा नसते. स्टिकच्या २५६ पायऱ्यांच्या दोनच पायऱ्या होतात, आणि गाडीच्या गेममध्ये हलकं वळण हवं असतं तिथे गाडी कठड्यावर जाते. मग आली एक्स३६०सीई सारखी हुशारी. गेम विंडोजकडे 'एक्सइनपुट १_३' या नावाची डीएलएल फाइल मागतो. विंडोज सहसा ती आधी गेमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधतं आणि मग सिस्टिमच्या. तर त्याच नावाची आपली फाइल गेमशेजारी ठेवायची. गेमला वाटतं मायक्रोसॉफ्टशी बोलतोय, प्रत्यक्षात तो आपल्या दुभाष्याशी बोलत असतो. युक्ती झकास आहे, पण नाजूक. गेमला १_३ हवी की १_४ की ९_१_० हे गेमगणिक वेगळं. गेम ३२ बिटचा आणि फाइल ६४ बिटची झाली की गेम सुरू होतानाच न कळणारा आकड्यांचा एरर टाकून बंद पडतो. आणि प्रत्येक गेमच्या फोल्डरमध्ये हा संसार नव्याने मांडायचा. म्हणून पुढची पिढी खाली उतरली: गेमच्या शेजारी न बसता थेट विंडोजमध्ये एक खोटा एक्सबॉक्स पॅड उभा करायचा आणि खऱ्या पॅडच्या हालचाली त्यात ओतायच्या. व्हिजेमबस हा ड्रायव्हर त्यासाठी वापरात आला. इथे नवीच अडचण निघाली. काही गेमना खरा आणि खोटा दोन्ही पॅड दिसतात, एक दाब दोनदा मोजला जातो, मेन्यूत खालचा पर्याय निवडायला जावं तर त्याच्याही खालच्यावर उडी पडते. मग खरा पॅड गेमपासून लपवायला आणखी एक प्रोग्रॅम, हिडहाइड. एवढं ऐकून कोणी हात जोडले तर त्याला दोष देता येणार नाही.

म्हणूनच या कामात क्रमाला महत्त्व आहे, आणि तो क्रम लोक हमखास उलटा लावतात: आधी तीन प्रोग्रॅम उतरवतात आणि मग पॅडकडे बघतात. आधी पॅडच्या मधोमध 'ॲनालॉग' लिहिलेलं बटण आहे का ते बघावं. प्लेस्टेशनच्या वळणाच्या बऱ्याच स्वस्त पॅडवर ते असतं आणि त्याच्याजवळ एक तांबडा दिवा. दिवा बंद असेल तर डी-पॅडच एक्स आणि वाय अक्ष हलवतो, आणि उजवी स्टिक समोरच्या चार बटणांची नक्कल करते. दिवा लागला की स्टिक खऱ्या अर्थाने स्टिक होतात आणि डी-पॅड हॅटवर जातो. एकच पॅड, दोन वेगळी व्यक्तिमत्त्वं. दिवा बंद असताना केलेली सगळी जुळवणी दिवा लागल्यावर रद्दी. मग प्रॉपर्टीजच्या खिडकीत प्रत्येक बटण दाबून त्याचा क्रमांक कागदावर टिपावा, चक्क पेनाने; कारण ती खिडकी १ पासून मोजते आणि पुढे ज्या मॅपिंगच्या फाइली हाताळाव्या लागतात त्यांत मोजणी ० पासून असते, आणि या एका फरकाने माणूस संध्याकाळभर गुंतून पडतो. त्यानंतर गेमला विचारावं की तू कुठली बोली बोलतोस. पडद्यावर ए-बी-एक्स-वायची रंगीत चित्रं दाखवत असेल तर बहुधा एक्सइनपुट. 'जॉय १, जॉय २' अशी यादी देऊन स्वतःच बटणं विचारत असेल तर बहुधा डायरेक्टइनपुट, आणि मग दुभाष्याची गरजच नाही. इतकं झाल्यावर, गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातला असेल तर आधी स्टीमचीच सोय वापरावी. २०१७ पासून तिथे साध्या पॅडनाही जागा मिळाली आहे. एकदा दाखवून दिलं की कुठलं बटण खालचं आणि कुठली स्टिक उजवी, की पुढचे गेम तेच वापरतात. स्टीमबाहेरचा गेमही त्याच्या यादीत घालून बऱ्याचदा चालवता येतो. हे जमलं नाही तरच खोट्या पॅडच्या आणि लपवालपवीच्या वाटेला जावं.

एवढं भाषांतर मध्ये घातल्यावर हालचाल उशिरा पोहोचणार नाही का, ही शंका रास्त आहे, पण आकडे तिच्या बाजूने नाहीत. असे पॅड बहुधा यूएसबीच्या सर्वांत सावकाश वेगावर, सेकंदाला १.५ मेगाबिटवर चालतात आणि विंडोज त्यांना साधारण ८ मिलिसेकंदांनी एकदा विचारतं. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेमचं एक चित्र साडेसोळा मिलिसेकंदांहून थोडं अधिक टिकतं. या दोन थांब्यांपुढे क्रमांक उलटापालट करण्याचा वेळ हिशेबात धरण्याइतकाही नसतो. ऑनलाइन गेममधल्या फसवणूक रोखणाऱ्या यंत्रणा अशा दुभाष्यावर संशय घेऊ शकतात, हा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पळवाट नाही. ऑनलाइन स्पर्धेच्या गेमला शेजारी ठेवलेली खोटी डीएलएल आणि गेममध्ये फेरफार करणारी डीएलएल बाहेरून सारखीच दिसते. तिथे असले प्रयोग करून खातं पणाला लावण्यापेक्षा गेम जे अधिकृतपणे ओळखतो तेच वापरावं.

'पण माल खरंच हलका असतो' या आक्षेपाबद्दलही प्रामाणिक राहायला हवं, कारण तो अर्धा खरा आहे. सावकाश वेगाच्या यूएसबी उपकरणाला एका खेपेत आठच बाइट पाठवता येतात. म्हणून या पॅडच्या प्रत्येक अक्षाला एकच बाइट, म्हणजे २५६ पायऱ्या. एक्सइनपुट स्टिकसाठी उणे ३२,७६८ ते ३२,७६७ अशी पट्टी देतं. ऐकायला फरक अफाट आहे, पण अंगठ्याला तो फारसा जाणवत नाही, कारण कुठल्याच स्टिकची मधली जागा विश्वासार्ह नसते. मायक्रोसॉफ्टने स्वतः डाव्या स्टिकसाठी ७,८४९ आणि उजवीसाठी ८,६८९ इतका भाग 'हललीच नाही असं समजा' म्हणून सुचवलेला आहे. पट्टीच्या एका बाजूचा जवळजवळ चौथा हिस्सा. स्वस्त पॅडमध्ये हा मृत भाग थोडा वाढवला की आपोआप सरकणारा नायक सहसा थांबतो. त्रास होतो तो इतरत्र. ट्रिगरच्या जागची एल२ आणि आर२ ही बऱ्याच साध्या पॅडवर नुसती बटणं असतात, ॲनालॉग नसतात. तिथे अर्धा ॲक्सिलरेटर मिळणार नाही आणि कुठलाही दुभाष्या नसलेली माहिती निर्माण करू शकत नाही. कंपनासाठी खोक्यात पूर्वी छोटी सीडी यायची. ती हरवलेली असते, पीसीला सीडी ड्राइव्ह नसतो, आणि असला तरी तिच्यावरचा ड्रायव्हर आजच्या ६४ बिट विंडोजच्या सहीच्या नियमात बसेलच असं नाही. तेव्हा कंपन विसरावं. पण रबर लवकर झिजतं, स्टिक सैल होते, वायर मानेपाशी तुटते या यांत्रिक उणिवा आहेत. 'गेममध्ये चालत नाही' या तक्रारीशी त्यांचा संबंध नाही. दोन्ही एकाच पिशवीत भरल्यामुळे चालणारे पॅड कचऱ्यात जातात.

मधला दुभाष्या एकाच कंपनीच्या दुकानाशी बांधलेला असू नये, हाही मुद्दा काही जण मांडतात, आणि तो मला मान्य आहे. सुदैवाने खालचं काम उघड्यावर झालेलं आहे. एसडीएल या मुक्त प्रोग्रॅमिंग लायब्ररीच्या २०१३ च्या दुसऱ्या पिढीत गेम कंट्रोलरसाठी वेगळी सोय आली. तिने एचआयडीचं वैविध्य नाकारलं नाही, एक्सइनपुटची नावं घेतली, आणि दोघांना जोडणारी ओळ एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिली. प्रत्येक पॅडसाठी एक ओळ. सुरुवातीला पॅडची ३२ अंकांची ओळख, मग नाव, मग जोड्या. वर सांगितलेल्या ड्रॅगनराइझच्या पॅडची ओळ सांगते: ए म्हणजे बटण २, बी म्हणजे १, एक्स म्हणजे ३, वाय म्हणजे ०. (मोजणी शून्यापासून, म्हणून आपलं 'तिसरं' बटण इथे २.) या ओळी कुणा एका कंपनीने लिहिलेल्या नाहीत, ज्याच्याकडे जो पॅड होता त्याने तो तपासून आपली ओळ दिली, आणि अशा ओळींचा संग्रह आज कुठल्याही गेमला फुकट वापरता येतो. डीटीपीच्या जमान्यात जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेण्यासाठी लोकांनी जे कन्व्हर्टर घडवले, त्याच जातीचं हे काम. फरक एवढाच की तिथे फॉन्ट हातावर मोजण्याइतके होते आणि नवे येणं थांबलं. पॅड येतच राहतात.

आणि इथेच या व्यवस्थेचं दुबळं ठिकाण आहे. ओळीच्या सुरुवातीची ओळख ही मुख्यतः पॅडने सांगितलेल्या दोन क्रमांकांवरून बनते, कंपनीचा आणि उत्पादनाचा. कंपनीचा क्रमांक अधिकृतपणे घ्यायला हजारो डॉलर लागतात. पाचशे रुपयांचा पॅड बनवणारा छोटा कारखाना ते देत नाही. चिप ज्या क्रमांकासह येते तोच पुढे चालू ठेवतो, किंवा दुसऱ्याचा उचलतो. ड्रॅगनराइझचे ००७९ आणि ०००६ हे दोन क्रमांक सांगणारे पॅड वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या साच्यांत, वेगवेगळ्या तारजोडणीने मिळतात. काहींचं तर एचआयडी वर्णनच चुकीचं असतं. लिनक्सच्या गाभ्यात ड्रॅगनराइझच्या पॅडसाठी एक स्वतंत्र फाइल आहे आणि तिच्या कामांपैकी एक म्हणजे पॅडने स्वतःबद्दल सांगितलेलं वर्णन खोडून बरोबर वर्णन त्याच्या तोंडी घालणं. विंडोजवर तशी सोय नाही. त्यामुळे संग्रहातली ओळ एका पॅडला तंतोतंत बसते आणि तेच क्रमांक सांगणाऱ्या शेजारच्या पॅडवर उडीच्या जागी गोळी सुटते. अशा पॅडपुढे कुठलीही यादी पुरत नाही. दिवा लावायचा, खिडकी उघडायची, एकेक बटण दाबून क्रमांक कागदावर टिपायचा, आणि त्याची ओळ स्वतःच लिहायची.